स्वालबार्ड, छोटं जहाज: जूनमधली ७ रात्रींची फेरी की जुलैअखेरची पूर्ण प्रदक्षिणा?

उत्तरायण

नमस्कार मंडळी,

पुढच्या उन्हाळ्यात स्वालबार्डला, म्हणजे आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या बेटसमूहाला, जायचं नक्की आहे. अडलंय ते जहाज आणि तारखा ठरवण्यावर. दोन पर्याय उरलेत:

अ) जूनचा पहिला पंधरवडा, ७ रात्री, उत्तर स्पिट्सबर्गन (तिथलं सर्वांत मोठं बेट). जहाज १२ प्रवाशांचं, वेग ८ नॉट (ताशी सागरी मैल).
ब) जुलैचा शेवटचा आठवडा, १० रात्री, पूर्ण प्रदक्षिणा. जहाज ११० प्रवाशांचं, वेग १३ नॉट.

आम्ही चौघं आहोत. त्यातल्या एकांचं वय ६८, गुडघे नाजूक आहेत आणि बोट लागण्याचा त्रासही आहे. मुख्य ओढ ध्रुवीय अस्वल, वॉलरस आणि पक्ष्यांच्या कड्यांची. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, लेन्स १००-४०० मिमी.

विचारायचं ते असं:
१. प्राणी आणि बर्फ या दृष्टीने कुठला काळ बरा?
२. जहाजाच्या आकाराने खरंच किती फरक पडतो?
३. अस्वल अगदी जहाजाला येऊन भिडलेले फोटो दिसतात. तसं आता मिळतं का?
४. व्हिसा, विमा, कपडे यात हमखास काय चुकतं?

---

हिमरेषा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. बाकीचे प्रश्न त्यातूनच सुटत जातात.

स्वालबार्डचा पश्चिम किनारा उबदार प्रवाहामुळे लवकर मोकळा होतो. उत्तर आणि पूर्व बाजू मात्र उशिरा सुटते. जूनच्या सुरुवातीला स्पिट्सबर्गन आणि नॉर्डऑस्टलांडेट या बेटांमधली हिनलोपेन सामुद्रधुनी बऱ्याचदा बर्फाने अडलेली असते आणि नॉर्डऑस्टलांडेटच्या पूर्वेला जाणं जवळपास अशक्य असतं. म्हणून त्या काळात सहसा कोणी प्रदक्षिणा विकत नाही. ती साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत जमते, आणि तेव्हाही वाऱ्याने बर्फ दक्षिणेकडे ढकललं तर जहाज अर्ध्यातून वळवावं लागतं. 'ब' घेणार असाल तर हिनलोपेन किंवा पूर्व बाजू बंद निघाली तर पर्यायी मार्ग काय, हे आत्ताच लेखी विचारून ठेवा. करारात मार्ग बदलण्याचा हक्क कप्तानाकडेच असतो, आणि असायलाच हवा. पण प्रामाणिक कंपनी पर्यायी आराखडा आधी दाखवते.

जूनमध्ये काही फ्योर्डांच्या (जमिनीत खोल शिरलेल्या अरुंद खाड्यांच्या) टोकाला, हिमनदीच्या पायथ्याशी, किनाऱ्याला चिकटलेलं सलग बर्फ टिकून असतं. रिंग्ड सील त्यावर पहुडतात आणि त्यांच्या मागावर अस्वलं येतात. पांढऱ्या सपाट बर्फावर चालत शिकार शोधणारं अस्वल बघायचं असेल तर काळ हाच. जमिनीवर मात्र बर्फ भरपूर असतं. चालणं म्हणजे गुडघाभर भुसभुशीत बर्फात पाय रुतवणं, आणि लँडिंगच्या, म्हणजे किनाऱ्यावर उतरण्याच्या, जागाही मोजक्याच मोकळ्या झालेल्या असतात. नाजूक गुडघ्यांना हे अवघड आहे.

जुलैअखेरीस जमीन मोकळी होते, टुंड्रावर फुलं असतात, वॉलरसचे कळप किनाऱ्यावर पसरलेले असतात. बर्फ मागे सरकल्याने काही अस्वलं बेटांवर अडकतात, काही बर्फासोबत उत्तरेला निघून जातात. त्यामुळे ती दिसतात ती बहुधा किनाऱ्यावर, दगडगोट्यांत, पिवळट ठिपक्यासारखी.

पक्ष्यांसाठी तारखा फारच महत्त्वाच्या. हिनलोपेनमधल्या आल्केफ्येलेट या डोलेराइट खडकाच्या कड्यावर ब्रुनिक गिलेमॉट या समुद्रपक्ष्याच्या सुमारे ६०,००० जोड्या घरटी करतात. त्यांची पिल्लं जेमतेम तीन आठवड्यांची झाली की, नीट उडताही येत नसताना, जुलैच्या उत्तरार्धात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला कड्यावरून थेट समुद्राकडे झेपावतात. बाप खाली पाण्यात वाट बघत असतो, आणि जी पिल्लं जमिनीवर पडतात त्यांच्यासाठी कोल्हा टपलेला असतो. तुमची 'ब' तारीख नेमकी या दिवसांत येते. ऑगस्टच्या मध्यानंतर हाच कडा ओस पडलेला दिसतो, आणि जाहिरातीतलं चित्र मात्र तेच राहतं.

नॉर्वेची हवामान संस्था समुद्रबर्फाचा नकाशा कामकाजाच्या दिवशी रोज प्रसिद्ध करते. मागच्या काही वर्षांचे तुमच्या तारखांचे नकाशे शेजारी ठेवून बघा. माहितीपत्रकापेक्षा त्यातून जास्त कळेल.

---

सुकाणू

जहाजाच्या आकाराबद्दल.

१ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डच्या संरक्षित क्षेत्रांत २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना मनाई आहे, आणि तिथे किनाऱ्यावर उतरता येतं ते फक्त ठरवून दिलेल्या ४३ जागी. तुमची दोन्ही जहाजं मर्यादेत बसतात. पण आता मोकळी जागा बघितली आणि उतरलो, असं तिथे चालत नाही. छोट्या जहाजाला पूर्वी जो मोठा फायदा होता, कोणत्याही निनावी खाडीत शिरण्याचा, तो जमिनीपुरता कमी झालाय. पाण्यावरचा फायदा टिकून आहे.

तो असा. झोडियाकमध्ये (हवा भरलेल्या रबरी मोटरबोटीत) गाईडसोबत साधारण १० प्रवासी बसतात. १२ जणांचं जहाज दोन बोटींत रिकामं होतं. अस्वल दिसलं, सगळे वीस मिनिटांत पाण्यावर. ११० जणांना ११ फेऱ्या लागतात. बोटी ११ नसतील तर गट पाडावे लागतात: एक गट किनाऱ्यावर, दुसरा झोडियाकमध्ये, मग अदलाबदल. तीन तासांच्या थांब्यात किनाऱ्यावर जेमतेम दीड तास मिळतो. म्हणून प्रवासीसंख्येच्या जोडीला हे तीन प्रश्न विचारा: झोडियाक किती, सगळे प्रवासी एकाच वेळी जहाजाबाहेर पडू शकतात का, आणि किनाऱ्यावर बंदूकधारी गाईड किती.

आता उलट बाजू. सफरी जिथून सुटतात त्या लाँगइयरब्येन गावाहून पश्चिम किनाऱ्याने वर जाऊन हिनलोपेनच्या उत्तर तोंडाशी पोचायला साधारण दोनशे सागरी मैल पडतात. ८ नॉटला हे सलग २५ तास, १३ नॉटला १५-१६ तास. सात रात्रींच्या फेरीत जाऊन-येऊन हा फरक जवळपास एका दिवसाचा. छोटं जहाज लाटेवर जास्त हलतं, त्यावर डॉक्टर बहुधा नसतो, केबिनकडे जाणारे जिने उभे असतात. शिवाय १२ पर्यंत प्रवासी नेणारं जहाज आंतरराष्ट्रीय नियमांच्या व्याख्येत 'प्रवासी जहाज' ठरत नाही, त्यामुळे त्याला लागू होणारे सुरक्षानियम वेगळे असतात. तशी चांगली जहाजं भरपूर आहेत, पण जीवरक्षक तराफे, थंड पाण्याचे सूट आणि जहाजाचा बर्फात चालण्याचा दर्जा याबद्दल तुम्हीच विचारायला हवं.

आर्क्टिकमध्ये सफरी चालवणाऱ्या कंपन्यांची एक संघटना आहे, एईसीओ, २००३ पासूनची. तिचं सदस्यत्व असणं ही किमान अट धरा.

साठीपुढचे, नाजूक गुडघे आणि बोट लागणं, हे तिन्ही एकत्र असतील तर माझं मत 'ब'कडे. मात्र ११० ऐवजी ५०-६० प्रवाशांचं जहाज त्याच तारखांना मिळत असेल तर ते सगळ्यात उत्तम.

---

लांबभिंग

तिसरा प्रश्न, अस्वल आणि अंतर. इथे अपेक्षा नीट बांधून जा.

२०२५ पासूनचा नियम: १ मार्च ते ३० जून अस्वलापासून किमान ५०० मीटर, उरलेल्या काळात किमान ३०० मीटर. हा जहाजालाही लागू आहे आणि झोडियाकलाही. अस्वल नजरेस पडलं तेव्हाच अंतर कमी असेल तर मागे हटणं बंधनकारक आहे. त्याला आमिष दाखवणं, पाठलाग करणं, विचलित करणं याला आधीपासूनच बंदी आहे. जहाजाच्या पुढच्या टोकाखाली उभं राहून वर बघणारं अस्वल ज्या फोटोंत दिसतं ते बहुतेक जुन्या काळातले, किंवा किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडच्या बर्फातले, जिथे हा कायदा पोचत नाही. त्या भरवशावर तिकीट काढू नका.

नियम योग्यच आहे. जूनमध्ये सीलच्या बिळाशी तासन्‌तास दबा धरून बसलेलं अस्वल जहाजाच्या आवाजाने उठलं, तर त्याची शिकार गेली. आणि उन्हाळ्यात बर्फाविना जे महिने काढायचे असतात त्यांच्यासाठीची चरबी याच दिवसांत साठते.

आता लेन्सचं गणित. ६०० मिमी फोकल लांबी आणि फुल फ्रेम सेन्सर असेल तर ३०० मीटरवर फ्रेममध्ये १८ मीटर रुंदीचा पट्टा मावतो. आडवं उभं अस्वल सव्वादोन मीटर धरलं तर फ्रेमचा आठवा भाग. ५०० मीटरवर तोच पट्टा ३० मीटरचा होतो आणि अस्वल तेराव्या-चौदाव्या भागाइतकं उरतं. तुमचा क्रॉप सेन्सर आणि ४०० मिमी मिळून जवळपास ६०० मिमीइतकंच दृश्य देतात. म्हणजे जुलैत अस्वल, बर्फ आणि मागे हिमनदी अशी चौकट उत्तम येईल. पापण्यांचे केस मोजता येणार नाहीत. थोडं जवळून हवं असेल तर १.४चा कन्व्हर्टर (लेन्सची फोकल लांबी १.४ पट करणारं जोडभिंग) चालतो, पण प्रकाश एक स्टॉप कमी होतो, म्हणजे निम्मा.

अंतर वाढल्यामुळे एक अडचण नव्याने जाणवते, हवेची थरथर. थंड पाण्यावरून गेलेली हवा आणि जहाजाच्या धुरांड्याची ऊब यामुळे ४०० मीटरवरची कड विरघळल्यासारखी येते आणि लोक लेन्सला दोष देतात. वारा जिकडून येतोय, धुरांड्याच्या त्या बाजूला उभे राहा. उबदार लाउंजच्या उघड्या दारातून किंवा खिडकीतून फोटो काढू नका. वीस-तीस फ्रेम सलग घ्या, त्यातली एखादी धारदार निघते.

बाकी थोडक्यात: हलत्या झोडियाकमधून १/१६०० सेकंदाच्या खाली जाऊ नका. बर्फावर एक्सपोजर +०.७ ते +१. डेकवर ट्रायपॉड ठेवला की इंजिनाचं कंपन थेट कॅमेऱ्यात येतं, हातात धरूनच काढा. दोन जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. केबिनमध्ये शिरण्याआधी, बाहेर असतानाच, कॅमेरा पिशवीत घालून चेन लावा आणि आत गेल्यावर तासभर उघडू नका, नाहीतर लेन्सच्या आत बाष्प धरतं. मेमरी कार्ड मात्र बाहेरच काढून घ्या, म्हणजे तेवढ्यासाठी पिशवी उघडावी लागत नाही.

आणि चौघांना मिळून एक नव्हे, चार दुर्बिणी न्या. ८x४२ च्या. १२ पटीची दुर्बीण डेकवर स्थिर राहत नाही.

ड्रोन घरीच ठेवा. संरक्षित क्षेत्रांत बंदी आहे.

---

उत्तरायण

इतकी नेमकी उत्तरं! मनापासून आभार. ५०-६० प्रवाशांचं, जुलैअखेरचं, ९ रात्रींचं एक जहाज बघितलं, त्यात दोन जागा... म्हणजे दोन केबिन शिल्लक दिसतायत. झोडियाक ६, सगळे एकाच वेळी उतरू शकतात असं त्यांनी कळवलंय.

उरलं ते बोट लागणं, गुडघे, आणि चौथा प्रश्न. आणि लँडिंग रद्द होतात म्हणतात, ती किती आणि का?

---

सुकाणू

रद्द होण्याची कारणं चार: धुकं, लाट, बर्फ, अस्वल.

लोकांना सगळ्यात न पटणारं कारण धुक्याचं. समुद्र शांत, किनारा शंभर मीटरवर, तरी गाईड नाही म्हणतो. कारण उतरण्याआधी गाईड टेकाडांवरून चारही बाजू दुर्बिणीने पिंजून काढतात आणि प्रवासी जमिनीवर असेपर्यंत पहारा ठेवतात. नजर पोचत नसेल तर मोठ्या दगडाआड झोपलेलं अस्वल पन्नास पावलांवर कळेल. बंदूक आणि फ्लेअर पिस्तूल हे शेवटचे उपाय आहेत. अस्वलाला मारायची वेळच न येणं हे गाईडचं खरं काम. धुक्यात उतरवणारा गाईड भेटला तर काळजी करा.

लाटेचं गणित मार्गावर अवलंबून असतं. फ्योर्डच्या आत पाणी सहसा शांत. पश्चिम किनाऱ्यावर उघड्या समुद्राची लांब लाट येते, आणि प्रदक्षिणेत दक्षिण टोक ओलांडताना बॅरेंट्स समुद्र हमखास हलवतो. मोठ्या हिमनदीवरून अचानक उतरणारा वाराही झोडियाकची फेरी अर्ध्यात संपवतो.

हिमनदीच्या तोंडाशी अंतर जास्त वाटलं तरी गाईडला पुढे घ्यायचा आग्रह करू नका. दोनशे मीटर हे अगदी किमान, कडा उंच असेल तर जास्त. तुकडा कोसळल्यावर येणारी लाट उथळ पाण्यात आणि किनाऱ्यावर उंच होते, खोल पाण्यात बोट तिच्यावर नुसती वरखाली होते. म्हणून बोट खोल पाण्यात ठेवून तोंड लाटेकडे वळवतात. कधीकधी बर्फ पाण्याखालून सुटून वर उसळतं, त्याची चाहूलही लागत नाही.

गुडघ्यांसाठी: बहुतेक जहाजांवर चालणाऱ्यांचे तीन गट करतात. किनाऱ्यावरच थांबणाऱ्या गटात नाव द्या, वॉलरस तिथूनच दिसतात. शिडीवरून झोडियाकमध्ये उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत, पाठीवरची पिशवी आधी दुसऱ्याकडे द्यायची. खलाशी मनगट नव्हे तर कोपराखालचा हात पकडतो आणि तुम्हीही त्याचा तसाच पकडायचा, ओला हातमोजा घसरला तरी पकड सुटत नाही. शिडी, बोटीची कड, मग तळ, अशी तीन पावलं, घाई नाही. किनाऱ्यावर उतरताना बोटीच्या कडेवर बसूनच पुढे सरकायचं, पाय बाहेर फिरवायचे आणि गाईड सांगेल तेव्हाच पाण्यात पाय टाकायचा. लोक पडतात ते लाटेमुळे कमी आणि मध्येच उभं राहिल्यामुळे जास्त.

---

टर्नची काठी

बोट लागण्यावर: औषध त्रास सुरू झाल्यावर नव्हे, आधी. मेक्लिझिनची गोळी निघण्याच्या तासभर आधी घेतात. कानामागे लावायची हायोसिनची पट्टी किमान चार तास आधी लागते आणि तीन दिवस चालते. पण ६८ वर्षांच्या माणसाला पट्टी लावण्याआधी डॉक्टरांना विचाराच. काचबिंदू किंवा प्रोस्टेट वाढलेलं असेल तर ती चालत नाही, आणि वयस्कांना गोंधळल्यासारखं होऊ शकतं. पट्टीला हात लावून तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होते आणि धूसर दिसतं, म्हणून लगेच हात धुवायचे. गोळी असो वा पट्टी, घरी असताना एकदा वापरून बघा. केबिन खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्याजवळची घ्या.

व्हिसा: इथे हमखास चुकतं. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्राच्या, बाहेर आहे. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही, पण ऑस्लोहून तिकडे गेलात की शेंगेन सोडलंत, आणि परतताना पुन्हा प्रवेश. ज्यांना शेंगेन व्हिसा लागतो त्यांनी किमान दोन प्रवेशांचा घ्यायला हवा. एकाच प्रवेशाचा असेल तर परतीचा रस्ता बंद. ऑस्लोला पासपोर्ट तपासणी होते, दोन विमानांमध्ये त्याची वेळ धरा.

लाँगइयरब्येनला जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी पोचा. बॅग मागे राहिली तर ती पुढच्या विमानाने येते, आणि जहाज तोवर ८० अंश उत्तर अक्षांशावर असतं. एक दिवसाचे गरम कपडे, औषधं आणि कॅमेरा हातातल्या सामानातच.

विमा: 'स्वालबार्ड' आणि 'जहाजावरून वैद्यकीय स्थलांतर' हे दोन्ही शब्द पॉलिसीत दिसले पाहिजेत. लाँगइयरब्येनचं रुग्णालय छोटं आहे, गंभीर रुग्णाला विमानाने ट्रोम्सोला नेतात. आधीचे आजार लपवले तर दावा तिथेच अडतो.

कपडे: जुलैत तापमान शून्याच्या वर पाच-सहा अंश असतं. त्याला घाबरण्यासारखं काही नाही. गारठवतो तो झोडियाकवरचा वारा आणि तास-दीड तास हालचाल न करता बसणं. आत लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, वर पाणी आणि वारा अडवणारं जाकीट. सुती काहीही नको, जीन्स तर मुळीच नको. सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे पूर्ण जलरोधक विजार, आणि ती गमबुटांच्या बाहेरून घालायची. बुटात खोचली की पहिल्याच लाटेचं पाणी आत उतरतं. गमबूट जहाज देतं का ते विचारा. देत असेल तर दोन मोज्यांचा हिशोब धरून अर्धा-एक नंबर मोठा मागा. घट्ट बुटात कितीही जाड मोजा घातला तरी पाय गारठतो. हातमोजे पातळ आणि त्यावर जाड, दोन जोड. झोपताना डोळ्यांवर पट्टी, कारण लाँगइयरब्येनला साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही.

पहिल्याच दिवशी जहाजावर सगळ्यांचे कपडे, खिसे, वेल्क्रो, काठ्यांची टोकं तपासून व्हॅक्यूमने साफ करायला लावतात. वेल्क्रोत अडकलेलं एक गवताचं बी तिथे रुजू शकतं. बर्ड फ्लूही स्वालबार्डला पोचलाय. २०२३ मध्ये सापडलेला एक मृत वॉलरस त्याने मेल्याचं सिद्ध झालं. म्हणून प्रत्येक लँडिंगच्या आधी आणि नंतर बूट निर्जंतुक करतात. जमिनीवर बसू नका, पिशवी टेकवू नका, मेलेल्या पक्ष्याजवळ जाऊ नका.

टर्न या समुद्रपक्ष्यांच्या वसाहतीजवळून जाताना ते डोक्यावर झडप घालतात. काठी डोक्यापेक्षा उंच धरा, ते सर्वांत उंच टोकावर हल्ला करतात. आणि हल्ला होतोय याचा अर्थ घरटं जवळ आहे, म्हणून तिथे थांबायचं नाही.

---

हिमरेषा

दोन गोष्टी जोडतो.

न्यी-ओलेसुन्न या संशोधकांच्या गावाला थांबा असेल तर त्याच्या २० किलोमीटर परिसरात वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. तिथली रेडिओ दुर्बीण अतिशय क्षीण लहरी टिपते. फोन विमान मोडवर टाकून काम होत नाही, घड्याळ, इयरफोन आणि कॅमेऱ्याचं ब्लूटूथही आठवणीने बंद करा. गावाबाहेर, १९२६ मध्ये ध्रुवसंशोधक आमुंडसेनचं 'नॉर्गे' हे वायूने भरलेलं हवाईजहाज (एअरशिप) जिथे बांधलं होतं तो मनोरा अजून उभा आहे.

स्मेरेनबुर्ग या देवमाशांच्या शिकारीच्या जुन्या तळावर उतरलात तर वाळूतले काळे, डांबरासारखे कठीण, गोलाकार थर नीट बघा. १७व्या शतकात डच लोक तिथे देवमाशांची चरबी उकळत, तिच्यातून सांडलेल्या तेलात वाळू मिसळून ते घट्ट झालेत. त्यावर पाय देऊ नका. स्वालबार्डमध्ये १९४६ पूर्वीची प्रत्येक मानवी खूण आपोआप संरक्षित आहे, मग तो गंजका खिळा का असेना. शिकारीच्या जागांवरची हाडंही तशीच. जवळच्याच किनाऱ्यावर वॉलरस असतात. १९५२ मध्ये त्यांना संरक्षण मिळालं तेव्हा इथे जेमतेम शंभरेक उरले होते. आता जहाजांना त्यांच्या विश्रांतीच्या जागेपासून १५० मीटर लांब राहावं लागतं. किनाऱ्यावरून जाताना गाईडच्या मागे एका ओळीत, हळू, आणि वारा त्यांच्याकडून आपल्याकडे असताना. एकाने जरी मान वर केली तर सगळ्यांनी जागीच थांबायचं. कळप घाबरून पाण्याकडे धावला की पिल्लं चिरडली जातात.

---

उत्तरायण

विम्याच्या पॉलिसीत जहाजावरून स्थलांतराचा उल्लेख नाहीये, आत्ताच बघितलं. ते आधी करतो, मग केबिन. हायोसिनबद्दल डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

जहाजाकडे पाठवायची यादी अशी करतोय: पूर्व बाजू बंद असेल तर मार्ग कोणता, बंदूकधारी गाईड किती, गमबुटांचे नंबर, मधल्या भागातल्या खालच्या केबिन. काही राहिलं असेल तर सांगा.

---

सुकाणू

डॉक्टर जहाजावर आहे का, आणि झोडियाकमध्ये चढायला जहाजाच्या बाजूची शिडी आहे की मागचा सपाट फलाट. नाजूक गुडघ्यांना फलाट फार सोपा पडतो.